फोटो आत, तक्ता बाहेर

खंडेनवमीच्या पूजेत यंदा वहीला कुंकू लागलं नाही, आणि एवढ्या भरल्या घरात ते एकट्या वासंतीबाईंच्याच ध्यानात आलं.

बाकीच्यांना कुठली फुरसत. चामराजपेटातल्या दळव्यांच्या अंगडीत, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीतल्या त्या जुन्या दुकानात, सकाळपासून पाय ठेवायला जागा नव्हती. दाराला केळीचे खुंट, उंबऱ्याशी फोडायला आणलेला कोहळा, मागच्या हातप्रेसला झेंडूच्या माळा. इस्पितळात कात्र्या-चिमटे वाफेवर निर्जंतुक करायचे जे मोठे डबे असतात, त्यांच्या झाकणात बसणाऱ्या रबरी रिंगा करणारं हे घर. तीस वर्षं पाटावर पहिला मान मापाच्या वहीचा, मग पितळी पट्टीचा, मग साचे, कात्र्या, पकडी. यंदा पाटाच्या मधोमध कॉम्प्युटर बसला होता. पडद्याला हळदीची पाच बोटं, कीबोर्डला शेवंतीची माळ, आणि माउसवर एवढं मोठं जास्वंद की खालचा माउस दिसेना.

वही कुठे म्हणून वासंतीबाईंनी मान वळवली. वही कपाटावर होती, नारळाच्या रिकाम्या पोत्याखाली.

"अण्णा, वही राहिली," त्या म्हणाल्या.

पुरुषोत्तम त्यांचे थोरले दीर. साऱ्या घराचे अण्णा. कोऱ्या धोतराचा सोगा सावरत ते म्हणाले, "राहिली नाही, वासंती. मीच ठेवली वर. ती आता आयुध थोडीच आहे? दिवाळीनंतर तुझं हे टेबल निघणार, इथे काचेचं शोरूम होणार. पत्रांना उत्तरं द्यायला आता वेबसाइट आहे. आयुष्यभर राबलीस, आता स्वल्प बस की."

स्वल्प बस. चोपन्नाव्या वर्षी, हातपाय धड असताना, स्वल्प बस. वासंतीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आरती सुरू झाली होती, आणि आरतीत भांडू नये एवढं सासूने त्यांना शिकवलं होतं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. जरा जोरातच वाजवल्या.

वेबसाइटचा त्यांना राग नव्हता, हे आधी सांगितलं पाहिजे. उलट उन्हाळ्यात सुनेने, भार्गवीने, ही गोष्ट काढली तेव्हा सगळ्यात जास्त हुरळल्या होत्या त्याच. भार्गवी पुण्याची, इथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. संध्याकाळी घरी आली की कॉम्प्युटरसमोर बसायची. "आई, तुमची ती वही जगात कुठूनही बघता येईल," असं ती म्हणाली होती. तेवढ्या एका वाक्यावर वासंतीबाई तीन महिने राबल्या. वहीत दोनशे बारा प्रकारच्या डब्यांची नोंद होती: कोणाच्या बनावटीचा, झाकण केवढं, झाकणातली खाच केवढी, कितव्या नंबरची रिंग, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. ते सगळं त्यांनी सुवाच्य अक्षरात फुलस्केप कागदांवर उतरवलं. चौदा पानं भरली. मानेला पट्टा लागला, पण पानं वेळेवर दिली.

मग गणेशचतुर्थीला वेबसाइट उघडली. सगळे पडद्याभोवती जमले. मोडेम कुईकुई करून थकला तेव्हा कुठे वरून एक फोटो उतरायला लागला. आधी भांग, मग कपाळ, मग कुंकू. फोटो वासंतीबाईंचाच होता. अंगावर म्हैसूर सिल्क, हातात रबरी रिंग, चेहऱ्यावर हसू. फोटोवाल्याने त्यांना चष्मा काढायला लावला होता, चकाकतो म्हणून. आणि चष्म्याशिवाय त्यांना हातातली रिंग सोडा, हातसुद्धा नीट दिसत नाही. फोटो नाकापर्यंत आला आणि वीज गेली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मोदक खाल्ले. वासंतीबाई धरून चालल्या, की हनुवटीच्या खाली आपली चौदा पानं असणार. विचारायची गरजसुद्धा त्यांना वाटली नाही, आणि त्याचाच आता त्यांना सगळ्यात जास्त संताप येणार होता.

आरती झाली. अण्णांनी तबकातले चार छापील कागद उचलून पाहुण्यांना दाखवले. चारही कागदांवर कुंकवाचं बोट होतं.

"ह्या चार ऑर्डरी," ते म्हणाले. "एक पत्र नाही, एक फोन नाही. झोपलेलो असताना आल्यात. पहिली रिंग मागच्या आठवड्यात पाठवलीसुद्धा. बाकीच्या तीन उद्या, दसऱ्याच्या मुहूर्तावर." पाहुणे माना डोलावून, प्रसाद घेऊन गेले. घरचेच उरले: अण्णा, त्यांची बायको कमलाअक्का, वासंतीबाईंचा मुलगा अवधूत, भार्गवी, आणि वीस वर्षं हातप्रेस चालवणारा परसू.

तेवढ्यात फोन वाजला.

"राहू दे गं, आज सणाचा," कमलाअक्का म्हणाल्या. पण अंगडीतला फोन तीन घंट्यांच्या आत उचलायचा हा वासंतीबाईंच्या हाताचा धर्म. त्यांनी उचलला.

पलीकडे कोप्प्याच्या पुढच्या एका वीस खाटांच्या इस्पितळाचे डॉक्टर उमाकांत होते. आवाज थकलेला. कन्नडमध्ये त्यांनी विचारलं, "अम्मा, फोटोतल्या त्या तुम्हीच ना?"

"मीच. बोला."

"तुमची रिंग ढिली आहे. वाफेचा दाब चढला की खाचेतून बाहेर येते. चार दिवस डबा बंद आहे. काल एक सिझेरियन जीपमध्ये घालून शिमोग्याला पाठवावं लागलं."

"बाई कशी आहे?"

"बरी आहे. बाळही बरं आहे. पण घाटात जीप तासभर बंद पडली होती. नोडी अम्मा, हे बघा, मी भांडायला फोन केला नाही. मला फक्त रिंग पाहिजे."

"माप कसं घेतलंत, डॉक्टर?"

"तुम्ही सांगितलंत तसंच. जुनी रिंग काढली, टेबलावर ठेवली आणि आरपार मोजली."

"मी सांगितलं?"

"तुमच्या फोटोखाली लिहिलंय की. जुनी रिंग मोजा, बाकी आमच्यावर सोपवा."

"आणि त्याच्या खालचा तक्ता?"

"तक्ता कुठलाच नाही, अम्मा. शिमोग्याच्या सायबर सेंटरात बसलो होतो. पाऊण तासातली पंधरा मिनिटं तर तुमचा फोटोच उतरत होता. मग एक फिरणारी रिंग, मग फुलं, मग तुमच्या कुटुंबाचा इतिहास. मी शेवटपर्यंत गेलो."

वासंतीबाई एकदम कामाला लागल्या, कारण आधी काम आणि मग संताप, हा क्रम त्यांच्या अंगात मुरलेला होता. त्यांनी डॉक्टरांना सुतळी आणायला लावली. झाकणाच्या खाचेत ती दाबून फिरवा, टोकाला टोक लावून कापा, मग सरळ करून लांबी सांगा, असं सांगितलं. पलीकडे खडखडाट झाला, कुणी नर्स काहीतरी बोलली, आणि डॉक्टरांनी आकडा सांगितला. वासंतीबाईंनी वहीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"सतरा नंबर, जाड पाठीची. संध्याकाळी मॅजेस्टिक स्टँडहून सुटणाऱ्या बसच्या कंडक्टरकडे देते. सकाळी स्टँडवर माणूस पाठवा. आणि डॉक्टर, चूक तुमची नाही."

फोन ठेवून त्यांनी परसूला भिंतीवरच्या खुंटीवरून रिंग काढायला सांगितलं. दोन काढ म्हणाल्या, एक जास्तीची. परसू पिशवी घेऊन बाहेर पडला, आणि वासंतीबाईंनी तबकातले ते चार कागद उचलले. चष्मा पुसला. कुंकवाखालची अक्षरं वाचली. चारही ठिकाणी तेच. जुनी रिंग, आरपार, इतके इंच.

"ह्या तिन्ही रिंगा उद्या जाणार नाहीत," त्या म्हणाल्या. "चारही मापं चुकीची आहेत."

"काय बोलतेस," अण्णा म्हणाले. "गिऱ्हाइकाने स्वतः मोजलंय."

"जुनी रिंग मोजलीय. वाफ खाऊन खाऊन रबर सैल पडतं, फुगतं, ते आरपार मोजून काय कपाळ कळणार? खाच मोजायची असते. खाच लोखंडाची, ती फुगत नाही. हे ह्या घरात मांजरालासुद्धा माहीत आहे." आणि त्या वळल्या. "भार्गवी, ते वाक्य कोणी लिहिलं?"

भार्गवी कीबोर्डवरची फुलं उगाच नीट करत होती. "मी, आई."

"का?"

"सोपं वाटलं म्हणून. एका ओळीत बसत होतं."

"एका ओळीत बसत होतं. आणि माझी चौदा पानं? ती कुठे बसली?"

भार्गवीने अवधूतकडे पाहिलं. अवधूतने पंख्याकडे. वासंतीबाईंच्या मनात सुनेचा थोडा राग पहिल्यापासूनच होता; पुण्याची, टापटिपीची, घरात आली नि पहिल्या महिन्यात बरण्यांना चिठ्ठ्या लावल्या. आता तो राग अगदी जिभेच्या टोकावर आला.

"तोंड वर कर आणि सांग. माझं थोबाड आवडलं तुला, आणि माझं काम नाही आवडलं? बिनचष्म्याची बाहुली करून उभी केलीस मला दारात. लोक येतात, मी हसते, आणि चुकीचं माप सांगते. तीस वर्षांत एक रिंग परत आली नाही माझ्या हातची. आणि आज एक बाळंतीण घाटात अडकून पडली ती माझ्या फोटोखालचं वाचून."

"आई, तिच्यावर ओरडू नकोस," अवधूत म्हणाला. "मी काढायला सांगितलं."

वासंतीबाई मुलाकडे वळल्या.

"तू?"

"तिने टाईप केलं होतं सगळं. चौदाच्या चौदा पानं, एक महिना बसून. मीच म्हटलं काढ. आई, तुला कळत नाही, लोक वेबसाइटवर चार सेकंद थांबतात. चार सेकंदांत छाप पडली तर पडली. उघडल्या उघडल्या आकड्यांची रांग दिसली तर माणूस पळून जाईल. बोम्मसंद्र्याच्या आपल्या कारखान्याच्या शेडमध्ये परवा मोठ्या कंपनीची माणसं आली होती, त्यांना मी तुझा फोटो दाखवला. खूश झाली ती."

"त्यांचा वाफेचा डबा बंद पडला होता?"

"म्हणजे?"

"म्हणजे ज्याला काही नको आहे तो फोटो बघून खूश होतो. ज्याच्या टेबलावर पेशंट आहे तो फोटोला काय करणार? अरे, दाराला रंग नको असं मी म्हणत नाही. मीच दर पाडव्याला ह्या पाटीला रंग देत आले. पण हळदीकुंकवाला बायकांना बोलवायचं, अत्तर लावायचं, गुलाबपाणी शिंपडायचं आणि वाण न देताच बाहेर काढायचं, ही कुठली रीत?"

"तक्त्याने पान जड झालं असतं," अवधूत पुटपुटला.

"नाही," भार्गवी म्हणाली.

इतका वेळ खाली असलेला तिचा चेहरा वर आला होता. तिलाही राग आला होता, आणि तो सासूचा नव्हता. "खोटं नको बोलूस, अवधूत. तक्ता हलका असतो. चौदा पानं मिळून तुझ्या त्या फिरणाऱ्या रिंगेच्या निम्म्यानेही नाहीत. जड फोटो आहे. मी तुला सांगितलं होतं की फोटो लहान करू या, कोपऱ्यात ठेवू या, आणि खाली तक्ता. दोन्ही बसतं. आई दिसल्या की माणसाला विश्वास वाटतो, आणि खाली आकडे दिसले की त्याचं काम होतं. तू म्हणालास, अण्णाकाकांना नको आहे."

"आणि हे तू मला सांगितलं नाहीस," वासंतीबाई म्हणाल्या.

"नाही सांगितलं. चुकलं माझं. मला वाटलं, तुमच्या घरातलं तुम्ही बघाल. मी नवी." मग आवाज जरा खाली आणून ती म्हणाली, "आणि त्याच फ्लॉपीवर नंतर तुमचा फोटो घेतला, आई. टाईप केलेलं पुसलं गेलं. मला तेव्हाच बोलायला हवं होतं."

वासंतीबाईंना क्षणभर हसू आलं, तेही रागाचंच. त्यांच्या कामावर त्यांचाच फोटो चढवला होता, अगदी अक्षरशः. त्या अण्णांकडे वळल्या.

अण्णा खुर्चीत बसले होते. "नको होतं मला," ते म्हणाले. "किराणा मालाची यादी वाटत होती ती. आणि आपलं सगळं गुपित असं चव्हाट्यावर मांडायचं? यशवंतपूरचा कुणीही रिंगवाला उद्या आपलीच मापं उतरवून घेईल."

"घेऊ देत. बरोबर माप घेईल, कुणाचं भलंच होईल. पण ते कारण नाही, अण्णा."

"मग काय कारण आहे? तूच सांग."

उत्तर आलं ते भलतीकडून. कमलाअक्का चाळीस वर्षं नवऱ्याच्या शब्दाबाहेर गेल्या नव्हत्या. सकाळी वही पोत्याखाली ढकलली तीही त्यांनीच, अण्णांनी सांगितलं म्हणून. त्या आता नारळाची वाटी खाली ठेवत म्हणाल्या, "तुम्ही पहिलंच पान पाहिलंत. मी चहा घेऊन आले होते तेव्हा. पहिलं पान वाचलंत आणि गठ्ठा अवधूतच्या हातात दिलात. बाकीची तेरा तुम्ही उलटलीसुद्धा नाहीत."

"कमला, तू मध्ये पडू नकोस."

"नाही पडत. मी फक्त पाहिलं ते सांगितलं."

अण्णांचा चेहरा उतरला, आणि वासंतीबाईंना सगळं लख्ख कळलं. पहिलं पान. पहिल्या पानावरची पहिली ओळ. वहीतून उतरवताना त्यांनी ती तशीच उतरवली होती, शेऱ्यासकट, कारण त्यांच्या मते शेरा हाच त्या वहीचा जीव होता. अण्णांना ती ओळ टोचेल हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. तीस वर्षांत ती त्यांच्या लेखी नुसती एक नोंद होऊन गेली होती.

म्हणजे एका ओळीसाठी माणसाने दोनशे अकरा ओळी गाडल्या. आता मात्र त्यांच्या अंगाची लाही लाही झाली. खुर्ची ओढून त्या तिच्यावर चढल्या, कपाटावरचं पोतं खाली फेकलं, वही काढली, पदराने पुसली.

"भार्गवी, मशीन चालू कर."

"वासंती," अण्णा उठले. "पूजा झालीय त्याची. पुजलेलं आयुध उद्यापर्यंत हलवत नाहीत. आपल्या वडिलांपासूनचा नेम आहे. एकोणीसशे पंचाहत्तरच्या पुरात इस्पितळांच्या ऑर्डरी पडून असतानासुद्धा आपण प्रेस चालवला नव्हता."

"नेम मला ठाऊक आहे. मीच पाळत आले. पण आयुध म्हणजे काय, अण्णा? जे काम करतं ते. ह्याने आजवर एक काम धड केलेलं नाही. ही नुसती शोभा. शोभेचा नेम नसतो." त्यांनी पडद्यावरची माळ उतरवून देव्हाऱ्यात ठेवली, माउसवरचं जास्वंद काढलं, आणि ओल्या फडक्याने हळदीची बोटं पुसली. "आणि वहीचं म्हणाल तर तिला तुम्ही कुंकूच लावलं नाहीत. ती आज मोकळी आहे. ती आज वापरायला कुणाचीच हरकत नाही."

नेम अण्णांचाच होता.

"उद्या सकाळी करू ना, आई," अवधूत म्हणाला. "एका दिवसाने काय होतंय?"

"चार जणांनी आधीच जुनी रिंग मोजलीय. पाचवा ह्या क्षणी कुठे तरी मोजत बसला असेल. तुझ्या चार सेकंदांचं तुला एवढं पडलंय, मग त्याच्या एका दिवसाचं काहीच नाही?" त्यांनी वही मुलाच्या मांडीवर आपटली. "तू वाच. ती टाईप करेल. तू काढलंस, तूच घालणार. पहिल्या ओळीपासून."

भार्गवी पडद्यासमोर बसली होती. "आई, फोटो काढून टाकू?"

वासंतीबाईंनी विचार केला. रागाच्या भरात हो म्हणावंसं वाटलं. पण डॉक्टरांनी पहिलं काय विचारलं होतं, फोटोतल्या त्या तुम्हीच ना. त्या माणसाने संतापून फोन आपटला नव्हता, चेहरा पाहिला होता म्हणून विचारलं होतं.

"राहू दे. पोस्टाच्या तिकिटाएवढा. आणि चष्मा लावलेला दुसरा असेल तो घाल. तुझी ती फिरणारी रिंग मात्र काढ, मला बघून चक्कर येते. आणि सगळ्यात वर, माझ्याही वर, एक ओळ लिही. जुनी रिंग मोजू नका, खाच मोजा."

"सुतळीचं पण लिहू? कशी बसवायची ते?" भार्गवीने विचारलं. "छोटं चित्र काढून दाखवता येईल. साध्या रेघांचं. पटकन उतरेल."

वासंतीबाईंनी सुनेकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "चित्र काढ," त्या म्हणाल्या. "ते चित्र कामाचं आहे."

अवधूतने वही उघडली. पहिलं पान पिवळं पडलं होतं, शाई तपकिरी झाली होती. अक्षर त्याच्या आईचंच, पण तरुण, जरा तिरकं. तो नाखुशीने वाचायला लागला, ऑफिसातला कागद वाचावा तसा.

"क्रमांक एक. उभा डबा, झाकण सव्वातेरा इंच. जून एकोणीसशे एकोणसत्तर. शेरा." तो थांबला.

"वाच."

"शेरा. जुनी रिंग मोजून नवी दिली. दाब चढल्यावर रिंग निसटली. नर्सचा डावा हात कोपरापर्यंत भाजला." अवधूतचा आवाज बारीक झाला. "चूक आमची. यापुढे खाच मोजणे."

भार्गवीची बोटं थांबली होती. कमलाअक्कांनी पदर तोंडाशी नेला. अवधूतने आईकडे पाहिलं. तो जन्मायच्या आधीची गोष्ट, आणि ह्या घरात कधी कुणी ती उच्चारली नव्हती.

"आमची म्हणजे कोणाची?" त्याने विचारलं. "बाबांची?"

अकरा वर्षांपूर्वी गेलेल्या नवऱ्याचं नाव निघालं तसं वासंतीबाईंचं रक्त पुन्हा उसळलं. तोंडात खऱ्या दोषीचं नाव आलं होतं. चंद्रकांतने त्या नर्सच्या घरी जाऊन पाय धरले होते, आणि ती रिंग त्याच्या हातची नव्हतीच. तीस वर्षं हे नाव त्यांनी गिळलं होतं, आणि आज बोलायला त्यांना कुणी अडवणार नव्हतं. त्या अण्णांकडे बघत राहिल्या.

"माझी," अण्णा म्हणाले.

ते उभेच होते, मघापासून. धोतराचा सोगा सुटून जमिनीला लागला होता. "चंदू त्या दिवशी तिरुपतीला गेला होता. मी मोजली. मला घाई होती. हिने वहीत लिहिताना माझं नाव घातलं नाही." ते भार्गवीच्या खुर्चीमागे आले. पडद्यावर तिने टाईप केलेली अक्षरं त्यांनी वाचली. "लिही, पोरी. आमची खोडून माझी लिही. पुरुषोत्तम दळवीची."

भार्गवीने सासूकडे पाहिलं.

"नको," वासंतीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अजूनही रागाचाच होता, त्यात माया शोधायला गेलं असतं तर सापडली नसती. "आमचीच राहू दे. इतकी वर्षं ते खोटं होतं, नाव झाकायला मी लिहिलं होतं. आज त्यात माझा मुलगा आला, माझी सून आली, न विचारता हसत उभी राहिलेली मी आले. आता ते खरं झालंय."

त्यांनी स्टूल ओढलं आणि मुलाच्या बाजूला बसल्या.

"क्रमांक दोन," त्या म्हणाल्या. "वाच."